दामासोला मिळालेली मान

आमच्या दवाखान्याच्या बिलिंग विभागात नऊ टेबलं, त्यातल्या चारांवर फिलिपिनो बायका. शारजात आले तेव्हा पहिले काही महिने मला त्यांची नावंच कळेनात, कारण त्या एकमेकींना नावाने हाकच मारत नसत. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरलीला सगळ्या 'आते' म्हणायच्या. मला वाटलं, ही खरोखरच कुणाची तरी आत्या असणार. एका घरातल्या दोघी-तिघी इथे कामाला असणं काही नवलाचं नाही. पुढे कळलं की त्यांच्या तागालोग भाषेत 'आते' म्हणजे मोठी बहीण. पण तोवर मीही तिला आते म्हणायला लागले होते, आणि माझ्या लेखी ती आत्याच राहिली. स्वभावही आत्याचाच. माया भरपूर, पण टोमणा आधी.

एकदा कोपऱ्यातल्या टेबलावरची एकजण सुट्टीवरून परतली ती चेहरा उजळवून, केस सोनेरी करून. घरच्यांशी फोनवर बोलायचं तेही इंग्रजीत, आणि तेही नाकातून. आतेने मान वर केली नाही. बिलांना स्टेपल मारता मारता एवढंच म्हणाली, "डोन्या व्हिक्टोरिना." बाकीच्या दोघी टेबलावर डोकं टेकून हसायला लागल्या. मी विचारलं, ही कोण?

"पुस्तकातली आहे," आते म्हणाली. "आमच्याकडे शाळेत वाचावंच लागतं. सुटका नाही."

पुस्तकाचं नाव 'नोली मे तांगेरे'. हे लॅटिन वाक्य बायबलमधलं आहे, 'मला शिवू नकोस'. पुन्हा उठलेला येशू ते मारिया माग्दालेनाला म्हणतो. पण लिहिणारा होसे रिसाल हा डोळ्यांचा डॉक्टर, आणि जुन्या वैद्यकात हात लावला की आणखी चिघळणाऱ्या एका दुखण्यालाही हेच नाव होतं. अर्पणपत्रिका त्याने आपल्या देशालाच लिहिली आहे. पूर्वी लोक आपला रोगी देवळाच्या पायरीवर आणून ठेवत, म्हणजे येणाराजाणारा काहीतरी औषध सुचवेल. तसं तुझं दुखणं मी उघड्यावर आणून ठेवतो, असा तिचा सूर.

१८८७ साली बर्लिनमध्ये हे पुस्तक छापून निघालं तेव्हा रिसाल पंचविशीचा होता. भाषा स्पॅनिश, म्हणजे राज्यकर्त्यांचीच. खिसा रिकामा, पोटाचे हाल. माक्सिमो व्हियोला नावाच्या मित्राने ३०० पेसो उसने दिले म्हणून २००० प्रती निघाल्या. छपाईचा खर्च वाचवायला एक आख्खं प्रकरण गाळावं लागलं. त्यात एलियास नावाच्या बंडखोराची प्रेयसी होती, सालोमे. पैशापायी बिचारी कादंबरीतूनच गेली.

तोवर स्पेनला त्या बेटांवर ठाण मांडून तीनशे वर्षं उलटली होती. गव्हर्नर येत, काही वर्षं राहत, जात. गावात वर्षानुवर्षं मुक्काम असायचा तो मठवासी पाद्र्याचा. त्याला लोकांची भाषा यायची, लोकांची पापंही ठाऊक असायची, आणि कोण चांगला आणि कोण देशद्रोही हा शेराही तोच मारायचा. रिसालने बोट ठेवलं ते या पाद्र्यांवर. मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठाने पुस्तक पाखंडी ठरवलं, बंदी आली, आणि बंदी आलेल्या पुस्तकाचं जे होतं तेच झालं. ते चोरून घरोघरी पोचलं. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलाच्या मैदानात रिसालला गोळ्या घातल्या. वय ३५. आणि १९५६ साली स्वतंत्र फिलिपिन्सने कायदाच केला की त्याच्या कादंबऱ्या शाळा-कॉलेजात शिकवल्याच पाहिजेत. त्यालाही चर्चने विरोध केला. गोष्टीतला पाद्री जवळजवळ सत्तर वर्षांनीसुद्धा खऱ्या पाद्र्यांना झोंबत होता.

मी इंग्रजी भाषांतर मोबाइलवर उतरवून घेतलं. १९१२ सालचं आहे, म्हणून फुकट. अजमान ते शारजा बसमध्ये, ट्रॅफिकच्या कृपेने, दोन महिन्यांत संपवलं.

सुरुवात होते जेवणाने. ऑक्टोबरची अखेर, मनिलाच्या बिनोंदो भागातलं कापितान तियागोचं घर. तियागो पैसेवाला, अफूच्या मक्त्यात हात असलेला, आणि देवभोळेपणातही व्यापारी. स्वतः प्रार्थना करायला वेळ कुठला, म्हणून तो गरिबांना पैसे देऊन आपल्या वाटची प्रार्थना करून घेतो. हे वाचून मला बसमध्ये हसू आलं. अनुष्ठानाला भटजी बसवून स्वतः दुकानात जाणारे यजमान मी मिरजेत लहानपणापासून पाहिले आहेत.

युरोपात सात वर्षं शिकून परतलेल्या क्रिसोस्तोमो इबाराच्या स्वागताचं हे जेवण. टेबलाच्या टोकाच्या मानाच्या खुर्चीवरून दोन पाद्र्यांमध्ये 'तुम्ही बसा, छे छे, तुम्ही बसा' चाललंय, आणि दोघांच्याही मनात तिसरंच. सगळे बसल्यावर ध्यानात येतं की ज्याच्या घरचं जेवण, त्या तियागोलाच बसायला जागा उरलेली नाही. तो हसत हसत उभाच. रिसाल इथे टीकेचा एक शब्दही लिहीत नाही. पुढे सरकतो.

मग येते तिनोला. म्हणजे कोंबडीचा पातळ रस्सा, भोपळ्याच्या फोडी घातलेला. आचाऱ्याच्या वाढण्यात इबाराच्या वाटीत चांगले चांगले तुकडे येतात, आणि पाद्रे दामासोच्या वाटीत भोपळा, रस्सा, कोंबडीची उघडी मान आणि एक चिवट पंख. दामासो भोपळा चेचतो, थोडा रस्सा पितो, चमचा आदळतो आणि बशी पुढे ढकलतो. त्यानंतर तो इबाराला घालूनपाडून बोलायला लागतो. एवढी वर्षं शिकून काय मिळवलंस, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, असं.

एवढ्याशा मानेवरून पुढे साडेतीन-चारशे पानं घडतात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल; पण दामासो कोण, हे त्या वाटीतच कळतं. वीस वर्षं एका गावचा राजा राहिलेला माणूस. त्याच्या वाट्याला मान येऊच कशी शकते?

त्याच्या राज्यातला जुना हिशेब मग इबाराला कळतो. त्याचा बाप, डॉन राफाएल. एका पोराला मारणाऱ्या करवसुली करणाऱ्याला त्याने ढकललं, तो दगडावर डोकं आपटून मेला, आणि राफाएल तुरुंगात गेला. मग एकेक आरोप चिकटत गेले, पाखंडी, देशद्रोही. तो तुरुंगातच मेला. गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलेलं त्याचं प्रेत दामासोने उकरायला लावलं, चिन्यांच्या स्मशानात नेऊन पुरा म्हणाला. रात्र, मुसळधार पाऊस, प्रेत जड. खणणाऱ्या माणसाने ते वाटेतच तळ्यात सोडून दिलं. खुद्द त्या माणसाच्या तोंडूनच मुलाला हे ऐकायला मिळतं. त्या खणणाऱ्याचा मला राग येत नाही. भर पावसात प्रेत वाहून नेणारा माणूस काय करणार? हुकूम देणारा तर पावसात उभा नव्हता.

इबारा मला फारसा आवडला नाही, हे सांगून टाकते. चांगला मुलगा आहे. शाळा बांधू, सरकारला पटवू, सगळं शांतपणे होईल, असा त्याचा विश्वास. शाळेच्या पायाभरणीच्या दिवशीच त्याच्या अंगावर दगड कोसळवायचा बेत शिजतो. पुढे मेजवानीत दामासो पुन्हा त्याच्या बापाबद्दल बोलतो, आणि हा सुरी घेऊन त्याच्यावर धावतो. त्याची वाग्दत्त वधू मारिया क्लारा मध्ये पडते म्हणून पाद्री वाचतो. तिथून त्याची घसरण सुरू. खोटं बंड रचलं जातं, त्यात त्याचं नाव गोवलं जातं. एलियास, ज्याचं घराणं इबाराच्या पणजोबाने धुळीला मिळवलं होतं, तोच त्याला होडीत घालून पळवतो आणि पाठलाग करणाऱ्यांना चकवायला पाण्यात उडी मारतो. गोळ्या त्याला लागतात. रिसालने पुढे एका पत्रात म्हटलं आहे की मी इबाराला मारून एलियासला जगवायला हवं होतं. लेखकालाही उशिराच कळतं म्हणायचं. इबारा पुढच्या कादंबरीत सिमौन नावाचा जवाहिऱ्या होऊन परततो, सूड घ्यायला. ती मी अजून पुरी केलेली नाही.

मी अडकले ती सिसापाशी.

सिसा गावाबाहेर झोपडीत राहते. नवरा जुगारी, मारकुटा, आणि तरी तिचा देव. मुलं तिच्या लेखी देवदूत. दोन्ही पोरं, बासिलियो आणि क्रिस्पिन, चर्चमध्ये घंटा वाजवण्याचं काम करतात. त्या दिवशी ती घरी येणार म्हणून तिने बेत केलाय. क्रिस्पिनला आवडतात म्हणून टोमॅटो. बासिलियोसाठी रानडुकराच्या सुकवलेल्या मांसाचा तुकडा आणि रानबदकाची तंगडी, जी म्हाताऱ्या तासियोने दिलीय. इतक्यात नवरा येतो. कोंबडा सांभाळत बसतो आणि पोरांसाठी ठेवलेलं सगळं जेवतो. सिसा बघत राहते, आणि आपल्यालाच खाल्ल्यासारखं तिला वाटतं. जेवून झाल्यावर तो विचारतो, पोरं कुठायत? विचारलं तरी, म्हणून तिला तेवढ्यानेच भरून येतं. जाताना तो पोरांच्या पगारातला एक पेसो माझ्यासाठी ठेव म्हणतो.

मागे उरतात तीन सुके मासे. ती पुन्हा थोडा भात शिजवते, ते भाजते आणि पुन्हा वाट बघत बसते.

इथे मी मोबाइल बंद केला होता. अंधारातलं एक चुलाण आणि त्यावर तीन मासे. माझ्या आजीला असंच बसलेलं मी पाहिलं आहे, तिच्यापुढे मासे नव्हते इतकंच.

पोरं येत नाहीत. चर्चच्या पेटीतून दोन सोन्याची नाणी गेली आणि आळ धाकट्यावर आला. एकेका पोराच्या महिन्याच्या पगाराकडे पाहिलं तर एवढी रक्कम फेडायला त्याचं बालपण संपलं असतं. क्रिस्पिनला मोठा पुजारीसेवक मारत नेतो. त्यानंतर तो कुणालाच दिसत नाही. बासिलियो घंटेच्या दोरावरून उतरून पळतो, पहारेकऱ्याची गोळी त्याच्या कपाळाला घासून जाते. दुसऱ्या दिवशी पोरं सापडली नाहीत म्हणून शिपाई आईलाच पकडून नेतात. गावातून, दोन शिपायांच्या मध्ये. ती विनवते, जरा अंतर ठेवून चाला हो, लोक बघतायत. लोक बघतातच. चौकीतून सोडून देतात, पण तोवर जे जायचं ते गेलेलं असतं. ती वेडी होते आणि 'क्रिस्पिन, बासिलियो' अशा हाका मारत रानात फिरते.

रिसाल दहा-अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईला, तेओदोरा आलोन्सोला, विष घालण्याच्या खोट्या आरोपात पकडलं होतं. कालांबाहून सांता क्रूझपर्यंत, जवळपास ५० किलोमीटर, तिला चालवत नेलं. अडीच वर्षं तुरुंगात ठेवलं. सिसाची वाट शेदोनशे पावलांची आहे, पण मला ते पान वाचताना कळून चुकलं की हा मुलगा कुठलं अंतर मोजतोय.

आतेला विचारलं तर म्हणाली, शाळेत मीच सिसा व्हायचे. आणि पॅन्ट्रीत, हातात चहाचा कप असताना, तिने केस विस्कटून तो हाकारा घातला. "क्रिस्पिन! बासिलियो!" बाहेरून एक नर्स धावत आली. आम्ही हसलो. त्यांच्याकडे प्रत्येक वर्गात एक सिसा असते म्हणे, आणि ती रडण्यापेक्षा हसवतेच जास्त. आपल्याकडच्या गॅदरिंगमध्येही असंच होतं. दुःखाचा प्रवेश जितका गाजलेला, तितका तो उडवायला सोपा.

ही या पुस्तकाची गंमत आहे. त्यातली माणसं पुस्तकातून उठून भाषेत जाऊन बसली आहेत. गोरं व्हायला धडपडणारी डोन्या व्हिक्टोरिना, कारण कादंबरीत ती चेहऱ्याला पीठ फासते, नावात एकाला दोन 'दे' घालते, आणि निव्वळ स्पॅनिश आहे म्हणून एका लंगड्या तोतया डॉक्टराशी लग्न करते. वेडी आई म्हणजे सिसा. सोज्वळ मुलगी म्हणजे मारिया क्लारा. तिच्या नावाचा पोशाखही आहे. पाद्र्याने पायरी सोडली की तो दामासो. २०१० साली मनिलाच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना कार्लोस सेल्द्रान नावाचा एक कलावंत रिसालच्या वेशात, काळा सूट आणि गोल हॅट घालून, पुढे येऊन उभा राहिला. हातात फलक, त्यावर एकच शब्द, 'दामासो'. गर्भनिरोधकांच्या कायद्याला चर्च विरोध करत होतं, त्याचा हा निषेध. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल त्याला पुढे शिक्षा ठोठावली गेली. एका कादंबरीतलं एक नाव. त्याच्यावर अधिक काही लिहायची गरजच पडली नाही.

पण एक नाव मी आतेच्या तोंडून कधी ऐकलं नाही. डोन्या कोन्सोलासियोन.

ही गावच्या पहारा-तुकडीच्या अधिकाऱ्याची, आल्फेरेसची बायको. पूर्वी कपडे धुणारी. नवरा स्पॅनिश, म्हणून आता ती स्वतःला कोण समजते विचारू नका. खिडकीत बसून चिरूट ओढते, येणाऱ्याजाणाऱ्यांवर डाफरते. नवरा तिला मारतो, तीही त्याला सोडत नाही. लग्नानंतर तिने एकच ध्यास घेतला, आपल्याला तागालोग येतच नाही असं दाखवायचं. धड स्पॅनिशही येत नाही. नवऱ्याने एकदा तिला 'फिलिपिनास' हा उच्चार शिकवायला घेतला तर तिची जीभ वळेना. तागालोगमध्ये मुळात 'फ' नाही. स्वतःच्या देशाचं नाव साहेबाच्या तोंडाने म्हणायला बाईची त्रेधा.

मला यावर हसायला हवं होतं. मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये 'पानी' म्हणाले होते. समोरची मुलगी काही बोलली नाही, फक्त "पा-णी," असं एकदा हळूच म्हणून तिने तांब्या पुढे केला. त्या रात्री मी उशीत तोंड घालून 'ण' घोकला. आज माझा 'ण' इतका शुद्ध आहे की गावी गेले की चुलत भाऊ त्याचीच नक्कल करतात.

तर, गावच्या जत्रेचा दिवस. नवऱ्याला बायकोची लाज वाटते, म्हणून तो तिला घरात कोंडून मिरवायला जातो. सगळं गाव नटून रस्त्यावर, आणि ही बंद दाराआड. खालच्या कोठडीत शिपायांनी वेड्या सिसाला आणून ठेवलंय, आणि ती गात्येय. कोन्सोलासियोन तिला वर बोलावते. गा म्हणते. तेही मोडक्यातोडक्या, साहेबी धाटणीच्या तागालोगमध्ये, शिपायासमोर शोभायला. सिसा गायला लागते. गाणं रात्रीचं, एका फुलाचं, जुनं. कोन्सोलासियोन ऐकते. गप्प होते. आणि मग तिच्या तोंडून अस्खलित तागालोग निसटतं. नको, गाऊ नकोस, मला या ओळी त्रास देतात.

शिपाई चकित होऊन म्हणतो, अरे, हिला येतं की!

आणि तिथेच सगळं बिघडतं. चोरी पकडल्यासारखी ती लाजते, शिपायाला हाकलते, चाबूक काढते आणि सिसाला नाच म्हणून फटके मारायला लागते. रक्त येईपर्यंत. शेवटी नवरा परततो, आणि या पुस्तकातला हा उर्मट, दारुडा स्पॅनिश अधिकारी सिसाला पांघरूण घालून तिची मलमपट्टी करायला सांगतो.

हे पान मी तीनदा वाचलं. अधिकारी नव्हे, पाद्री नव्हे. सिसाच्या अंगावर चाबूक उगारला तो तिच्यासारख्याच बाईने, तिच्याच भाषेतलं गाणं काळजाला भिडलं म्हणून. गाणं भिडलं नसतं तर कदाचित मारलंही नसतं.

सांगायला नको वाटतं, पण सांगते. हे वाचायच्या दोनेक वर्षं आधी आमच्या इमारतीत लिफ्टच्या दुरुस्तीला एक पोरगा आला होता. निळा डगला, हातात पान्यांची पेटी. मी वरच्या मजल्यावर चालले होते, बरोबर दोन डॉक्टर, एक आयरिश आणि एक लेबनीज. आम्ही कसल्यातरी कॉन्फरन्सबद्दल बोलत होतो, म्हणजे ते बोलत होते आणि मी 'एक्झॅक्टली' म्हणत होते. पोरगा फोनवर होता. "अगं टाकलेत गं पैसे, उद्या बघ बँकेत," असं चाललेलं. फोन ठेवला आणि त्याची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. आडनाव 'कर'ने संपणारं. तोंड भरून हसून म्हणाला, "ताई, आपल्याकडच्याच का तुम्ही?"

मी म्हणाले, "सॉरी?"

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, हिंदीत. मी दाराकडे पाहत राहिले. मजला आला, आम्ही उतरलो. त्याला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. खाली जाऊन शोधलंही नाही, ते खोटं सांगणार नाही.

चाबूक नव्हता माझ्याकडे, असं मनाला बजावलं. पण त्या पोराचं हसू उतरताना मी लिफ्टच्या आरशात पाहिलं होतं.

डोन्या व्हिक्टोरिना शिवी म्हणून चालते, कारण तिच्यावर हसून आपण मोकळे होतो. ती पीठ फासते, आपण फासत नाही. कोन्सोलासियोनचं नाव घेऊन कुणावर हसायचं? आतेला हे विचारलं तर तिने खांदे उडवले. "तिच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही," म्हणाली.

दामासोबद्दलही एक गोष्ट सांगायची राहिली, जी त्याच्या नावाने शिव्या देताना कुणाला आठवत नसावी. मारिया क्लारा ही खरं तर त्याचीच मुलगी. तियागोला मूल होत नव्हतं, तेव्हा त्याच्या बायकोला दामासोनेच ओबांदोच्या जत्रेत नवसाला नाचायला पाठवलं होतं. मूल झालं, नवस फळला असं घरात सगळ्यांना वाटलं. मारिया क्लाराला हे उशिरा कळतं, तेही दुसरा पाद्री साल्वी तिच्या आईची पत्रं दाखवून सौदा करतो तेव्हा. आईची अब्रू की इबाराचं पत्र? ती पत्र देते, आणि तेच पत्र इबाराविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहतं. इतके दिवस मला ती मिळमिळीत वाटत होती. पण शेवटी तीच दामासोसमोर उभी राहून सांगते, मठ किंवा मरण.

आणि दामासो रडतो. हुंदके देत तिला सांगतो की तुझं लग्न इथल्या माणसाशी होऊ द्यायचं नव्हतं मला. तुझी मुलं शिकली तर सुळावर किंवा हद्दपारीत जातील, नाही शिकली तर लाथा खातील. तू रडत बसशील. म्हणून तुला असा नवरा शोधला की तुझी मुलं हुकूम सोडतील, पाळणार नाहीत.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. आपण काय करतोय, त्याचं या देशातल्या आयांना काय होतं, याचा त्याच्याइतका पक्का हिशेब पुस्तकात दुसऱ्या कुणाकडेच नाही. फक्त तो त्याने स्वतःच्या मुलीपुरता मांडला. बाकीच्यांच्या बाबतीत कधी मांडलाच नाही. थोड्याच दिवसांत त्याची लांबच्या प्रांतात बदली होते आणि सकाळी तो बिछान्यात मेलेला सापडतो. मारिया क्लारा मठात जाते. पुढे एका पावसाळी रात्री पहाऱ्यावरच्या शिपायांना मठाच्या छपरावर एक जोगीण वीज चमकताना हात वर करून उभी दिसते. ती कोण, हे रिसाल नीट सांगत नाही.

सिसा नाताळच्या रात्री मरते. बासिलियो तिला रानात गाठतो, ती पळते, शेवटी ओळखते, आणि ओळखीच्या आनंदानेच तिचं काळीज थांबतं. तिथेच मरायला टेकलेला एलियास पोराला लाकडं रचायला सांगतो. पहाट मी पाहणार नाही, तू पाहशील, तर रात्री पडले त्यांना विसरू नकोस, असं काहीसं तो म्हणतो. त्यापेक्षा मला म्हातारा तासियो जास्त लक्षात राहिला. गाव त्याला वेडा म्हणतं. तो चित्रलिपीत लिहितो, मुद्दाम कुणाला कळू नये म्हणून. इबारा विचारतो, मग लिहिता कशाला? तर म्हणतो, या पिढीसाठी नाही लिहीत. पुढची पिढी शिकेल, लिपी उलगडेल आणि म्हणेल, आमच्या आजोबांच्या रात्री सगळेच झोपले नव्हते.

पुस्तक संपल्याचं आतेला सांगितलं तेव्हा तिने सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलावलं. तिघींची मिळून एक खोली, दुमजली पलंग, आणि त्या पलंगांच्या मध्ये जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून पंगत. बेत तिनोलाचा. आतेची तिनोला पुस्तकातल्यासारखी नव्हती. भोपळ्याऐवजी कच्ची पपई, भरपूर आलं, आणि वरून हिरवा पाला. पाला ओळखीचा वाटला. उचलून चुरगळला, वास घेतला. शेवगा! "मालुंगाय," आते म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे आषाढात याची भाजी करतात. दोघींनीही आपापल्या अंगणातल्या झाडाच्या उंचीबद्दल थापा मारल्या.

मग तिने वाढायला घेतलं. पातेल्यात डाव फिरवला, शोधलं, आणि माझ्या वाटीत अलगद काय सोडलं, तर कोंबडीची मान. बाकीच्या दोघी खिदळायला लागल्या. "दामासो! दामासो!"

मी म्हटलं, थांबा. आमच्या भाषेत हिला काय म्हणतात माहितीय? मान. आणि कुणाला आदराने बसवायचं, पहिल्यांदा वाढायचं, टोकाची खुर्ची द्यायची, त्यालाही मानच म्हणतात. एकच शब्द.

आतेने डाव पातेल्यात ठेवला. क्षणभर विचार केला.

"म्हणजे तुझ्या भाषेत त्याला बरोबर तेच वाढलं होतं की," ती म्हणाली. "मग चिडला कशाला?"